वाँटेजचं चर्च, बुलढाण्याच्या ताराबाई आणि आपली कोतवाल बुकं

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. विषय इंग्लंडातल्या एका चर्चचा आहे, पण धागा आपल्या तहसिलीतल्या रेकॉर्ड रूमपर्यंत येतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायची मोहीम सुरू झाली. तेव्हापासून आपल्याकडे ज्याला त्याला आजा-पणजाच्या कागदाचं महत्त्व कळलं. मोडी वाचणाऱ्यांना एवढा मान पेशवाईनंतर बहुतेक आत्ताच मिळाला असेल. तसं पाहिलं तर ही धावपळ नवी नाही. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीवाल्याला १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा, ओबीसीला १९६७ च्या आधीचा. पोराला इंजिनिअरिंगला नंबर लागला की बाप पहिला धावतो तो कोतवाल बुकाची नक्कल काढायला.

कोतवाल बुक ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावात जन्म झाला, कोणी मेलं, की कोतवाल खबर द्यायचा आणि ती बुकात चढायची. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बहुतेक नोंदींत बाळाचं नाव नसतंच, कारण बारसं व्हायच्या आधीच खबर गेलेली असते. आईचं नावही शोधून सापडत नाही. एका आजोबांना मी त्यांच्या बहिणीची नोंद वाचून दाखवली तर ते म्हणाले, "पोट्टी झाली एवढं लिवलं, मंग नाव काऊन नाही लिवलं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आणि ही नोंदसुद्धा ज्या पानावर होती ते पान हातात घेतलं की कडा पापडासारख्या तुटत होत्या. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच आहे.

आता चर्चकडे येऊ.

इंग्लंडात ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येला वाँटेज नावाचं बाजारपेठेचं जुनं गाव आहे. आपल्या चिखली-मेहकरसारखं म्हणा, मधोमध बाजारचौक आणि भोवती शेतीचा मुलूख. आल्फ्रेड राजाचा जन्म इथं ८४९ साली झाला असं मानतात, त्याचा पुतळा १८७७ पासून चौकात उभा आहे. चौकाला लागूनच सेंट पीटर आणि सेंट पॉल यांचं दगडी चर्च. बांधकाम मुख्यतः तेराव्या शतकातलं, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हाचं. क्रूसाच्या आकाराची इमारत, मधोमध बुरूज, आत गायकवृंदाच्या कोरीव लाकडी बैठका, चौदाव्या शतकातल्या एका सरदार जोडप्याची संगमरवरासारख्या मऊ पांढऱ्या दगडातली मूर्ती. १८५७ साली स्ट्रीट नावाच्या नामांकित वास्तुविशारदानं डागडुजी केली. अशी जुनी चर्चं इंग्लंडात गावोगाव आहेत. इमारतीचं वर्णन इथंच थांबवतो.

आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती म्हटलं की लोकांना खामगाव-बुलढाण्याचं अलायन्स मिशन आठवतं. ते अमेरिकन लोकांचं. वाँटेजचं चर्च अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या पंथाचं. आठव्या हेन्रीनं १५३४ मध्ये रोमच्या पोपशी संबंध तोडले तेव्हापासून तिथला राजाच चर्चचा प्रमुख. त्यामुळे गावातलं चर्च हे एकाच वेळी देऊळही होतं आणि सरकारी कचेरीही. चर्चच्या हद्दीला 'पॅरिश' म्हणतात. १६०१ च्या कायद्यानं गरिबांना पोसायचा कर गोळा करायचं काम पॅरिशवर आलं, रस्तेदुरुस्तीही पॅरिशकडेच होती. गावातली कर भरणारी मंडळी चर्चच्या खोलीत बसून हे सगळं ठरवायची. निवडून आलेल्या वेगळ्या ग्राम परिषदा आल्या त्या थेट १८९४ साली. तोपर्यंत चर्च हीच ग्रामपंचायत.

आणि याच कचेरीचं एक काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १५३८ साली हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशनं एक वही ठेवावी आणि त्यात गावातला प्रत्येक बाप्तिस्मा, प्रत्येक लग्न, प्रत्येक दफन लिहावं. लोक घाबरले. त्यांना वाटलं, ही नवीन कर बसवायची तयारी आहे. (सरकार काही लिहून घ्यायला लागलं की माणसाच्या पोटात गोळा येतो, हे जगभर सारखंच.) दोनच वर्षांत क्रॉमवेलचं मुंडकं उडालं, पण त्याची वही चालू राहिली.

१६०३ च्या चर्चच्या नियमांत ही वही कशी सांभाळायची ते लिहिलं आहे आणि ते वाचून मी थक्क झालो. वही चामड्याच्या पानांची हवी. ती पेटीत ठेवायची. पेटीला तीन कुलपं. एक किल्ली धर्मगुरूकडे, बाकीच्या दोन गावानं नेमलेल्या दोन चर्चवॉर्डनांकडे. म्हणजे तिघं हजर असल्याशिवाय पेटी उघडायचीच नाही. दर रविवारी प्रार्थना झाली की तिघांच्या समोर त्या आठवड्याची नावं लिहायची. आणि वर्षाच्या शेवटी अख्ख्या वर्षाच्या नोंदींची नक्कल करून बिशपकडे पाठवायची. गावातल्या चर्चला आग लागली, पुरात वही भिजली, उंदरांनी खाल्ली, तरी दुसरी प्रत चाळीस-पन्नास मैलांवर दुसऱ्या पेटीत आहे.

१८१३ पासून छापील नमुना आला. बाप्तिस्म्याच्या रकान्यात बाळाचं नाव, आई आणि बाप दोघांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, आणि विधी कोणी केला त्याचं नाव. बाळाचं नाव आणि आईचं नाव. आजोबांचा प्रश्न आठवा.

उगाच गोरं ते गोड म्हणायची मला सवय नाही. याच वह्यांत लग्नाशिवाय झालेल्या लेकराच्या नावापुढे तसा शिक्का मारलेला असायचा आणि तो जन्मभर पुसला जात नसे. गरिबाचं पोट पॅरिशवर पडेल म्हणून त्याला गावाच्या हद्दीबाहेर काढून देण्यासाठीही अशा नोंदी वापरल्या गेल्या. कागद दोन्ही बाजूंनी कापतो. पण कागद होता.

या वाँटेजच्या चर्चमध्ये २९ सप्टेंबर १८८३ रोजी एका मराठी बाईचा आणि तिच्या अडीच वर्षांच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. बाईचं नाव पंडिता रमाबाई. मुलगी मनोरमा.

रमाबाई तिथं पोहोचल्या कशा, हे थोडक्यात सांगतो. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्र्यांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भावाबरोबर पायी हिंदुस्थान पालथा घातला, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' पदवी दिली, बंगाली वकिलाशी जातीबाहेरचं लग्न केलं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत विधवा झाल्या. त्या वर्षी पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, हंटर आयोगापुढे बायकांना डॉक्टर करा म्हणून साक्ष दिली. स्वतःलाही डॉक्टर व्हायचं होतं. पुस्तकाच्या पैशांतून तिकीट काढलं आणि १८८३ च्या एप्रिलात जहाजात बसल्या. बरोबर मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण.

वाँटेजलाच का? तर १८४८ साली याच चर्चचे विकर विल्यम बटलर यांनी तिथं जोगिणींचा एक मठ काढला होता आणि त्या मठाच्या जोगिणी १८७७ पासून पुण्यात काम करत होत्या. पुण्यातल्या पंचहौद मिशनचं नाव तुम्ही टिळक-रानड्यांच्या चहाच्या भानगडीत ऐकलं असेल, तीच ही मंडळी. ओळख पुण्यातली, आसरा वाँटेजचा.

तिथं गेल्यावर पहिलाच आघात असा की त्याच वर्षी आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परक्या मुलखात आपण धर्मासह सगळंच गमावणार ही भीती त्यांना खाऊन गेली, असं त्या काळच्या लिखाणावरून दिसतं. रमाबाईंचा बाप्तिस्मा ही काही सुखासमाधानाची गोष्ट नव्हती. स्वतः रमाबाईंनी पुढे लिहिलंय की जोगिणींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेलं, तिथं समाजानं टाकून दिलेल्या बायकांना पुन्हा उभं करायचं काम चाललं होतं, आणि 'आपल्याकडे अशा बाईला कोण जवळ करतं?' हा प्रश्न त्यांच्या मनात तिथं घुसला. धर्म बदलला ते बरं केलं की वाईट, यावर खाली भांडत बसू नका. एकशेचाळीस वर्षं लोक भांडतच आहेत.

मला जास्त रस आहे तो पुढच्या भागात. बाप्तिस्मा झाला म्हणजे बाई मुकाट ऐकेल असं चर्चवाल्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. ऐकू कमी यायला लागल्यामुळे डॉक्टरकी राहून गेली होती. तिथं तरुण मुलांनाही शिकवायचा विषय निघाला तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानी बाईनं पुरुषांना शिकवलं तर तिकडे तिची अब्रू जाईल. रमाबाईंनी कळवलं की मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, ती मी तुमच्या हवाली केलेली नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, त्या म्हणाल्या लॅटिन मला येत नाही आणि माझ्या देशबहिणींनाही येत नाही, संस्कृत अक्षरं घाला. ख्रिस्ती झाल्या तरी शाकाहार सोडला नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून हुज्जत घातली. ज्या चर्चनं आसरा दिला, खायला दिलं, त्याच्याच धर्मगुरूंशी पंचविशीतली विधवा बरोबरीनं वाद घालते. आपल्याकडच्या शास्त्र्यांशी जे केलं तेच तिकडच्या शास्त्र्यांशी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १८८६ ला अमेरिका, १८८९ ला मुंबईत शारदा सदन, नंतर पुणे, धर्मांतराच्या आरोपावरून 'केसरी'चं वादळ, मग केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात फिरून उपाशी, बेवारस मुली केडगावला आणल्या. १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्ती सदनात सुमारे दोन हजार बायका-मुली होत्या. ज्या इंग्लिश चर्चशी त्या भांडल्या, त्या चर्चच्या पंचांगात आज ३० एप्रिल हा दिवस पंडिता रमाबाईंच्या नावानं आहे.

आता आपल्या गावाकडे या.

ज्या १८८२ साली रमाबाईंचं 'स्त्रीधर्मनीति' पुण्यात आलं, त्याच साली पुण्याच्याच श्री शिवाजी छापखान्यातून आणखी एका बाईचं पुस्तक निघालं. 'स्त्रीपुरुष तुलना'. किंमत नऊ आणे. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणा, प्रांत वऱ्हाड. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशी सुनावली होती, अपिलात ती कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांनी बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. बुलढाण्यात बसलेल्या या बाईनं ते वाचलं आणि सगळ्या पुरुषजातीचा हिशेब मांडला. पुस्तक आज वाचलं तरी काही जणांना ठसका लागेल. नवरा मेला तर बाईनं मरायचं आणि बायको मेली तर पुरुषानं दुसरी आणायची, हा कुठला न्याय, असा तिचा सवाल. भाषा घरातली, झणझणीत, पुण्याच्या पंडिती मराठीला न विचारता लिहिलेली. रमाबाईंच्या पहिल्या पुस्तकात बायकांनी कसं सुधारावं याचा उपदेश जास्त आहे. त्या वर्षापुरतं बोलायचं तर बुलढाण्याची बाई पुण्याच्या पंडितेपेक्षा चार पावलं पुढे होती. हे मी जिल्ह्याच्या अभिमानानं म्हणत नाही, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा.

त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजाशी जोडलेले. म्हणजे ज्या घरातून हे पुस्तक निघालं त्या घराचा रोजचा संबंध दप्तराशी, कागदाशी, नोंदीशी होता.

दोघींच्या मागे उभा राहिलेला माणूसही एकच. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार' नावाची छोटी पुस्तिका काढली. पहिल्या अंकात त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली, दुसऱ्यात ताराबाईंवर टीका करणाऱ्यांना खडसावलं.

त्यानंतर ताराबाईंनी दुसरं पुस्तक लिहिलं नाही. त्यांच्या जन्माचं साल १८५० आणि मृत्यूचं १९१० सांगतात तेही अंदाजानं. तारीख नाही. तब्बल नव्वद वर्षांहून जास्त काळ पुस्तकही विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा महाराष्ट्राला कळलं की अशी एक बाई बुलढाण्यात होऊन गेली. पुढे १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि आज जगभरच्या विद्यापीठांत ते शिकवतात.

दोन मराठी बायका, एकाच सालची दोन पुस्तकं. एकीची बाप्तिस्म्याची तारीख मला बुलढाण्यात बसून सांगता येते, कारण ती ज्या चर्चमध्ये उभी राहिली तिथं त्याच वेळी शाईनं लिहून ठेवणं कायद्यानं भाग होतं. दुसरी या मातीत राहिली, इथंच मेली, ज्या साली मेली ते साल अंदाजाचं.

इथं कोणी म्हणेल, इंग्रजांचं राज्य तर इथंही होतं, १८५३ पासून वऱ्हाड त्यांच्याच ताब्यात होतं, मग इथं का नाही? होतं ना. पण हिंदुस्थानात जन्मलेल्या, लग्न झालेल्या, मेलेल्या गोऱ्या माणसाच्या चर्चमधल्या नोंदीची नक्कल लंडनला जायची. त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि तिकडचा नातू-पणतू घरबसल्या आपला पूर्वज शोधतो. बिशपकडे प्रत पाठवायची सवयच ती. बापूजी शिंद्यांच्या साहेबाला इथं मूल झालं असतं तर त्या मुलाचं नाव दोन ठिकाणी राहिलं असतं. हेडक्लार्कच्या मुलीसाठी तशी दुसरी प्रत नव्हती.

स्वातंत्र्यानंतरचं खापर मात्र इंग्रजांवर फोडता येणार नाही. इंग्लंडात १९७८ पासून नियम आहे: पॅरिशच्या शंभर वर्षांहून जुन्या वह्या अभिलेखागारात जमा करायच्या, जिथं हवा-ओलावा सांभाळला जातो. आपल्याकडे शिंदे समितीनंतर स्कॅनिंगनं वेग घेतला, 'आपले अभिलेख'वर जुने महसुली कागद दिसू लागले, हे चांगलंच झालं. पण माझ्या पाहण्यात सगळा जोर ज्या पानावर जातीचा रकाना आहे त्या पानावर असतो. नक्कल मिळाली, दाखला निघाला, की बाकीचं बुक परत बासनात आणि बासन परत त्याच रॅकवर, वर पत्र्यातून गळणारं पाणी. ज्या दिवशी आरक्षणाचा प्रश्न मिटेल त्या दिवशी या बुकांकडे कोण बघणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्हाधिकारी साहेबांनी आणि तेराही तालुक्यांच्या तहसीलदारांनी एकच काम करावं: कोतवाल बुकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन करावीत, फक्त मागितलेली पानं नाही, आणि त्याची दुसरी प्रत जिल्ह्याबाहेर ठेवावी. नागपूर-अमरावतीला पुराभिलेखांची व्यवस्था आहे, तिथं ठेवा. खर्च फार नाही. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाइतकाही नाही. किल्ल्या तीन असाव्यात की चार, ते साहेबांनी ठरवावं.

दुसरं तुमच्यासाठी. १८८० ते १९२० च्या काळातली बुलढाण्यातली घरपट्टीची पावती, खरेदीखत, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, सत्यशोधक समाजाचं कुठलं पत्रक, असं काही घरातल्या ट्रंकेत असेल तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी मोबाईलनं फोटो काढा आणि मला पाठवा. शिंदे आडनाव दिसलं तर पानाच्या दोन्ही बाजूंचा काढा. मोडी असेल तरी चालेल, वाचणारे आहेत. मूळ कागद माझ्याकडे आणू नका, तो तुमच्याच घरी राहू द्या, फक्त पत्र्याच्या पेटीत नको, तिथं ओल धरते.